वाळवी न शिवलेले लाकूड

मी, खाली सही करणारा सुतार, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना आपली शेवटची व्यवस्था लिहून ठेवतो. परवा माझ्या हातून नातीचा ससा मेला, म्हणून हे आजच लिहायला घेतले.

१. राहते घर मुलाला व सुनेला समसमान. माझ्या खोलीचे दार घासते. उद्या करतो, उद्या करतो म्हणत बारा वर्षे गेली.

२. मोठा रंधा धाकट्या भावास. त्याने तो एकदा नेला, पात्याला खाच पाडून आणला, वर "आधीचीच होती" म्हणाला. खाच मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

३. नातीच्या दोन सशांना कुरतडायला मी जुन्या चौकटीच्या तुकड्यांची खेळणी केली. तीस वर्षांत त्या चौकटीला वाळवी शिवली नव्हती. सुताराच्या लेखी याहून चांगले लाकूड नाही. चौकटीला वाळवीचे औषध मीच पाजले होते, हे मात्र मला आठवले नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "काका, जे वाळवी खात नाही, ते सशाला कसं चालेल?" सारा जन्म लाकडात घालवून मला एवढे कळू नये.

४. सबब, यापुढे सशाला सफरचंदाच्या किंवा नासपतीच्या, फवारणी न झालेल्या, नीट वाळलेल्या फांद्याच द्याव्यात. प्लायवूड, रंग, पॉलिश, सरस वर्ज्य. चेरी-जर्दाळूच्या ओल्या फांद्यांच्या वाटेला जाऊ नये. लाकूड ओळखू आले नाही तर देऊच नये, मग सांगणारा सुतार का असेना. चौकटीचे उरलेले तुकडे जाळू नयेत, त्यांचा धूरही वाईट.

५. काल सकाळी उरलेल्या सशासाठी सफरचंदाच्या फांदीचे कडे करून नातीपुढे ठेवले. ती म्हणाली, "आजोबा, आधी तुम्ही चावा." मी चावले. तिने कडे कपाटात ठेवून कुलूप लावले. "दोन दिवस बघू, तुम्हाला काय होतंय ते."

६. उरलेला ससा, कपाटाची किल्ली आणि त्या कड्याचा निर्णय सर्वस्वी तिचा. या दोन दिवसांत मी गेलोच, तर ते कड्यामुळे नव्हे, हे डॉक्टरांनी तिला स्वतः समोर बसवून सांगावे.

सही: सुतार
साक्षीदार: १. जनावरांचे डॉक्टर (कलम सहा मान्य) २. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई
ठिकाण: माझी कामाची खोली
तारीख: १४ मार्च, त्या दोन दिवसांतला दुसरा