पूजेची पहिली पेटी

सरावली, बोईसर
५ ऑक्टोबर २०२५

चि. वैभवी हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हा तिसरा कागद. आधीचे दोन खाडाखोड झाली म्हणून फाडले. हेमांगी मॅडमनी फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत तुम्हा मुलींचे फोन कपाटात ठेवले, हे चांगलं की वाईट यावर घरात दोन पक्ष आहेत. रविवारची पाच मिनिटं आई घेते आणि तू काय खाल्लंस, किती खाल्लंस यातच ती संपवते. म्हणून पत्र.

नाना मजेत. तुझ्या चालण्याच्या शर्यतीची चेष्टा अजून थांबलेली नाही. स्वतःच्या छातीवर हात मारून म्हणतात, हा झुंबर बावीस वर्षं सरावलीहून कंपनीत चालत गेला, त्याला कुणी साधी रिबीन बांधली नाही, आणि पोरीला चालायला शिकवायला नाशिकला मॅडम ठेवली. पण परवा चहाच्या टपरीवर तेच कुणाला तरी समजावत होते की एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे, नाहीतर पंच लाल कार्ड देतात. मी मागेच उभा होतो. मला बघून त्यांनी विषय बदलला.

खंडेनवमीला कंपनीत पूजा झाली. कमलाकांत शेठनी दरवर्षीप्रमाणे स्वतःच्या हाताने गोळ्या बाटल्यांत भरायच्या मशीनला झेंडूची माळ बांधली. दसऱ्यानंतर भरलेल्या मालाची पहिली पेटी ते आम्हा चोवीस जणांना प्रसाद म्हणून वाटतात, पेढ्याबरोबर माणशी एक बाटली. यंदा लोहाच्या गोळ्या निघाल्या. तुझं रक्त कमी आहे असं मॅडम म्हणाल्याच होत्या, म्हणून माझी बाटली चिवड्याच्या डब्यात घालून पाठवतो. आधी मॅडमना दाखव. मग रोज एक, जेवणानंतर. बाटलीवरचा बॅच नंबर वहीत उतरवून ठेव. हसू नकोस.

आमच्यावरची माया चिवड्यासारखी मैत्रिणींत वाटून संपवू नकोस, एवढीच विनंती.

तुझा दादा,
सुजीत

नाशिक
४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास वैभवीचा सा. न. वि. वि.

पहिली! राज्य स्पर्धेत दहा किलोमीटरला पहिली आले, दादा. एकाही पंचाचं लाल कार्ड नाही. शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय माझे नव्हतेच, कुणीतरी खालून ढकलत होतं. नानांना सांग, रिबीन मिळाली, आणि तिला खाली पदकही लोंबतंय.

शर्यत संपल्यावर एक बाई सावलीसारख्या मागे लागल्या. उत्तेजक औषधांची तपासणी म्हणून लघवीचा नमुना हवा होता. मी चार बाटल्या पाणी प्याले तरी काही होईना. बाई खुर्ची टाकून बसल्या आणि मला त्यांच्या तिन्ही मुलींच्या लग्नाच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची होती. बाकीच्यांनी रेघ ओढली. मी गोळीचं नाव लिहिलं, कंपनी लिहिली आणि तुझा तो बॅच नंबरही लिहिला. तुझ्या धाकाने तो पाठच झालाय. बाईंनी विचारलं, तुझं औषधाचं दुकान आहे का गं.

भाऊबीज हुकली. ओवाळणी माझ्या नावावर जमा धर, आणि लोभ मात्र उधारीवर ठेवू नकोस.

तुझी,
वैभवी

नाशिक
२८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास सा. न.

हे पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरी आईच्या हातात पडायला नको. फोन मॅडमनी परत दिलाय, पण बोलायला गेले की रडू येतं.

माझ्या नमुन्यात औषध सापडलं. अंगावरची सूज उतरवायला देतात ती गोळी, जिने लघवी जास्त होते. मॅडम म्हणाल्या की दुसरी उत्तेजकं लपवायला काही खेळाडू ती घेतात, म्हणून बंदी आहे. दादा, मी ती गोळी कधी डोळ्यांनीही पाहिलेली नाही. निकाल लागेपर्यंत मला केंद्रात सराव करता येणार नाही. मॅडमनी स्वतःच्या घरी ठेवून घेतलंय. जानेवारीच्या शेवटी समितीपुढे सुनावणी आहे. ते औषध अंगात कुठून आलं ते मी दाखवायचं. नाही दाखवलं तर दोन वर्षं बंद. तेव्हा मी एकवीसची असेन आणि वीस वर्षांखालच्या गटातून बाहेर.

काल केंद्रातल्या दोघी मला बघून रस्त्याच्या पलीकडे गेल्या.

तुझा विश्वास आहे ना, तेवढं एका ओळीत कळव.

वैभवी

सरावली
४ डिसेंबर २०२५

चि. वैभवी हिस अनेक आशीर्वाद.

एक ओळ आधी. विश्वास आहे, पूर्ण. तुझी चूक नाही. माझी आहे. पुढचं नीट वाच.

आमच्या मशीनवर एक माल संपून दुसरा सुरू होण्याआधी अकरा जागा साफ करायच्या असतात. त्याचा एक कागद असतो, प्रत्येक जागेपुढे बरोबरची खूण करायची आणि खाली सही. ती सही माझी. काल मी दसऱ्याचे कागद काढून बघितले. खंडेनवमीला दुपारी आम्ही सूज उतरवायच्या गोळ्या भरून संपवल्या. तीच गोळी. मग पूजेसाठी सगळ्यांनी मिळून मशीन असं घासलं की त्यात तोंड दिसावं. ३ तारखेला सकाळी तुझ्या लोहाच्या गोळ्या लागल्या. मशीन चकचकीत होतं, मी अकराही खुणा केल्या आणि सही केली.

अकरावी जागा म्हणजे मशीनच्या पोटाशी असलेलं झाकण. आत गोळ्यांची भुकटी साठते. शेठनी बांधलेली माळ नेमकी त्या झाकणावरून गेली होती. माझ्याबरोबर मशीनवर असणारा नामदेव म्हणाला, पूजेची माळ ताजी आहे, ती तोडून झाकण कशाला उघडायचं, आणि मलाही तसंच वाटलं. झाकण मी उघडलं नाही. खूण मात्र केली. आतली भुकटी पहिल्या बाटल्यांत उडाली असणार. आणि पहिली पेटी आम्ही प्रसाद म्हणून वाटली.

मी कंपनीत ज्या कागदावर सही करतो तो वाचूनच करतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

आता शेठना सांगणार आहे. तू तुझी बाटली कुणाला हात लावू देऊ नकोस.

दादा

नाशिक
१० डिसेंबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आधी रडले, मग पोटभर जेवले. दहा दिवसांत पहिल्यांदा. निदान कुठून आलं ते कळलं.

पण शेठना सांगशील तर नोकरी जाईल. नाना पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. माझ्या चालण्यापायी घर बुडवायचं नाही. मॅडमचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, तुझ्या भावासारखा माणूस गप्प बसला तर त्याला जेवण पचायचं नाही, त्यामुळे तू त्याला अडवू नकोस. आणि एक अडचण त्यांनी सांगितली. माझी बाटली उघडलेली आहे, समिती म्हणेल मीच त्यात मिसळलं. त्याच पेटीतली, सील न तुटलेली बाटली हवी.

चोवीस बाटल्या होत्या ना? मी रोज पहाटे गंगापूर रस्त्याला एकटीच चालते. पाय ऐकतात. तू पण चालायला लाग.

वैभवी

सरावली
१७ डिसेंबर २०२५

चि. वैभवी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लांबेल. लांबू दे.

आधी मी मॅनेजर दर्पण सरांकडे गेलो. ते म्हणाले, कागद बरोबर आहे, सही बरोबर आहे, बरोबर असलेलं कशाला उकरतोस. बॅचच्या मधल्या बाटल्या तपासून पाहिल्या, त्या स्वच्छ निघाल्या, तेव्हा विषय संपला. मी म्हणालो, पहिल्या पेटीचा विषय आहे. त्यांनी मला गेटबाहेर काढायची भाषा केली. मग मी शेठच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहिलो. मला घाम आला होता आणि कागद ओला होईल म्हणून तो टिफिनच्या पिशवीत धरला होता.

शेठनी सगळं ऐकलं. कागद दोनदा वाचला. अकरावं झाकण तू उघडलंस का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी कागद तिसऱ्यांदा वाचला. मग म्हणाले, सुजीत, ती माळ मी बांधली होती. गाठ पण माझीच, दोन वेढ्यांची. त्यांनी तिथेच दर्पण सरांना बोलावून सगळी बॅच बाजारातून परत मागवायला सांगितलं आणि समितीसाठी कंपनीच्या कागदावर सही-शिक्क्याचं पत्र दिलं. मला सहीच्या कामावरून फेब्रुवारी संपेपर्यंत उतरवलंय. पेट्या उचलतो. हे योग्यच झालं.

मग बाटल्या. चोवीस नावांची यादी करून दारोदार फिरलो. पंधरा जणांनी गोळ्या खाऊन संपवल्या होत्या. कैलासने बाटली बीडला सासूला पाठवली होती, तिने शेजारणीला दिली, शेजारीण परभणीला गेली. विक्रमच्या बायकोने गोळ्या झाडाच्या कुंडीत घातल्या, कारण लोह झाडालाही लागतं, आणि बाटलीत मोहरी भरली. गुलाब फुललाय मात्र. असे तेवीस झाले. सील एकाचंही धड नव्हतं.

राहिला नामदेव. तो केळवे-माहीमहून येतो. म्हणाला, बाटली आईला दिली, तिने काय केलं ठाऊक नाही. रविवारी त्याच्याबरोबर गेलो. त्याची आई येसूबाई अंगणात बोंबील उलटत होत्या. मी विषय काढला तर हात धुऊन थेट आत गेल्या. देव्हाऱ्यात, कुलदेवतेच्या टाकाशेजारी आपली बाटली. झाकणावर हळदकुंकू, पुढे जास्वंद. सील जसंच्या तसं. येसूबाई म्हणाल्या, देवाचा परसाद हाय, आमी नाय खोलला. औषध खायाला आमाला झालंय काय!

वैभवी, मी लांबूनच बॅच नंबर वाचला, तोच होता. मी तिथेच खाली बसलो.

पण त्या देईनात. देवाच्या जागंवरनं उचललं तर जागा रिकामी नाय ठेवायची, बदल्यात काय ठेवशील ते सांग, म्हणाल्या. मी नारळ म्हणालो, चांदीचा रुपया म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग तुझी सगळी हकीकत सांगितली. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, पोरीला चालू दे, जिंकलं की तिचं काय ते आणून ठेव, तवर आमी जागा कुनाला नाय देनार. मी कबूल करून बसलोय. जिंकणं माझ्या हातात नाही, तरी कबूल केलं. हे माझ्याकडून पहिल्यांदाच झालं.

बाटली तशीच, कुंकवासकट, शेठच्या पत्रासह प्रयोगशाळेत रवाना झाली. पावती माझ्याजवळ आहे, तिच्या दोन झेरॉक्सही.

लोभ तेवढा पाठव, तो तपासायला कुठे पाठवायचा नाही.

दादा

नाशिक
२९ जानेवारी २०२६

ती. दादास सा. न. वि. वि.

सुटले! पूर्ण सुटले! फोनवर तू नुसता बरं, बरं म्हणत होतास, म्हणून पुन्हा सविस्तर लिहिते.

समितीत तिघे होते. बाटलीचा अहवाल आला होता, येसूबाईंच्या बाटलीत तीच भुकटी, तेच औषध. मधले साहेब माझा फॉर्म हातात घेऊन म्हणाले, इतक्या वर्षांत खेळाडूने बॅच नंबर लिहिलेला मी पहिल्यांदा पाहतोय. तोच नंबर, तीच पेटी. मग त्यांनी शेठच्या पत्राबरोबर तू लिहून दिलेलं निवेदन मोठ्याने वाचलं, झाकण मी उघडलं नाही, खूण मात्र केली, हे वाक्य दोनदा. उजवीकडच्या बाईंनी विचारलं की या भावाची नोकरी आहे की गेली. मॅडमनी सांगितलं, आहे, पेट्या उचलतो. बाई म्हणाल्या, मग तो मालक चांगला. निकाल असा, की खेळाडूची चूक नाही. राज्याचं पदक माझंच राहिलं आणि राष्ट्रीय स्पर्धेत नाव लागलं.

त्या दोघी आज स्वतःहून शेजारी येऊन चालल्या. मी जरा वेग वाढवला. तेवढा हक्क आहे मला.

आता आईला सांग. माझ्याकडून नको, ती मला जेवण सोडून दुसरं काही बोलू देत नाही.

तुझी, आणि तशीच राहू इच्छिणारी,
वैभवी

परतीच्या रेल्वेत
२२ फेब्रुवारी २०२६

ती. दादास सा. न. वि. वि.

अक्षर हलतंय ते गाडीमुळे. हात आता स्थिर आहे.

अठ्ठेचाळीस मिनिटं एकतीस सेकंद. पहिली. देशात पहिली, दादा! आठव्या किलोमीटरला हरियाणाची मुलगी पुढे होती आणि माझ्या नावापुढे दोन लाल कार्डं लागलेली. तिसरं लागलं की थांबून दंड भोगायचा. आता पाय उचलावा की जपावा कळेना. मग मला तुझी अकरा जागांची यादी आठवली. टाच टेकली, खूण. गुडघा सरळ, खूण. दुसरा पाय, खूण. खरोखर बघून, मगच खूण. असे दोन किलोमीटर मोजत आले आणि ती कधी मागे पडली ते कळलंच नाही.

मला वाटेतच उतरून शिबिराला जायचंय, घरी येता येत नाही. म्हणून पदक मॅडमबरोबर पाठवतेय. ते कुठे न्यायचं ते तुला ठाऊक आहे. वाटेत आईला दाखव, नाहीतर ती दोघांनाही जेवू घालणार नाही.

तुझी वैभवी

सरावली
१ मार्च २०२६

चि. वैभवी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पदक मिळालं. आईने ते आधी डोळ्यांना लावलं आणि मग विचारलं, एवढ्या शर्यतीनंतर पोरीला खायला काय दिलं. नानांनी गळ्यात घालून टपरीपर्यंत फेरी मारली, एक पाय कायम जमिनीला टेकवून. सगळी सरावली बघत होती. मधे एकदा दोन्ही पाय उचलले गेले तेव्हा मी लाल कार्ड दिलं, तर म्हणाले, पंच विकला गेलाय.

कंपनीत साफसफाईच्या कागदावर आता बारावी ओळ आली आहे, पूजेनंतर माळ काढून सर्व झाकणे उघडली. शेठनी ती स्वतः लिहून खाली पहिली सही केली. उद्यापासून दुसरी माझी.

आज सकाळी नाना, आई आणि मी माहीमला गेलो. येसूबाईंनी देव्हाऱ्यातली ती जागा खरंच रिकामी ठेवली होती. अडीच महिने. रोज पुसत होत्या, तिथे फुलसुद्धा ठेवलं नव्हतं. मी पदक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पदराने पुसलं, उलटंपालटं केलं आणि मागे काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं, वीस वर्षांखालील मुली, दहा किलोमीटर चालणे, प्रथम. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग टाकाशेजारी ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं आणि दोन पावलं मागे येऊन बघत राहिल्या.

आईने भीत भीत विचारलं, कधी न्यायला येऊ. येसूबाई म्हणाल्या, पोरीला सांगा, तिनं सोता यायचं, चालत. तवर हा परसाद पन आमी नाय खोलनार.

बोईसरहून माहीम किती किलोमीटर पडतं ते मी येताना मोजून ठेवलंय. तुला अवघड नाही. वाट बघतोय.

तुझा दादा,
सुजीत