पंक्चर नसलेले चाक

बाई,

सायकलीला काटा लागलेला नसतो, खिळा लागलेला नसतो, संध्याकाळी हवा भरून चाक चांगले टणक केलेले असते, आणि तरीही सकाळी पाहावे तर ती रिमवर बसलेली असते. दुकानदार ट्यूब बाहेर काढतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून फिरवतो, एकही बुडबुडा दिसत नाही, आणि मग तो आपल्याकडे अशा नजरेने पाहतो, की जणू रात्री उठून आपणच हवा सोडली. ज्यांनी कधी सायकल ठेवली त्यांच्यापैकी बहुतेकांना हा अनुभव आला असेल, आणि बहुतेकांनी त्यावर नवी ट्यूब टाकण्याचाच उपाय केला असेल. नव्या ट्यूबने काम भागते, म्हणून जुनी खराब होती असे सगळे धरून चालतात. तुम्ही असतात तर इथेच थांबवले असतेत. नव्या ट्यूबबरोबर आणखी काय काय नवे आले, ते आधी सांगा, असे विचारले असतेत.

आज हे लिहायला बसण्याचे कारण अगदी लहान आहे. ते शेवटी सांगते, कारण आधी घडले ते आणि मग त्यावरून निघते ते, हा क्रम तुम्हीच लावून दिला. मी दमले आहे, बाई. नगरच्या एका तंत्रशाळेत उभे आयुष्य समजावून सांगण्यात गेले. नळाचा वायसर का झिजतो, इस्त्रीची वायर नेमकी मुठीपाशीच का तुटते, सायकलची साखळी सैल असली तर चढावरच का उतरते. गुडघे दमले ते समजण्यासारखे आहे. पण त्यांच्यापेक्षा जीभ जास्त दमली आहे. हल्ली कोणी काही विचारले की उत्तर मनात पूर्ण तयार होते, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, आणि तोंडापर्यंत येऊन परत जाते.

बाहत्तरचे ते वर्ष तुम्हाला वेगळे सांगायला नको. शेवगावात शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत तुम्ही एकट्या राहत होतात, आणि मी पूर्वेकडच्या उघड्या माळावरच्या गावातून अकरावीला सायकलने येत होते. सायकल वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दुष्काळी कामावर ते पायी जात आणि सायकल मला देत. पण दिवाळीनंतर दादा आणि आई ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याकडे जाणार होते, आणि मी मागे राहायचे की नाही हे अजून ठरलेले नव्हते. दादा शाळेच्या विरुद्ध नव्हते. त्यांची हरकत सायकलीवर होती. चुलतीकडे मला ठेवायला ते तयार होते. पण रोज निम्म्या वाटेत बसणाऱ्या सायकलीवर पोरीला एकटीला सोडून जाणे त्यांना पटत नव्हते. "मी हितं असलो तर आडवा येईन, नेईन," ते म्हणायचे. "तिकडं फडात असल्यावर कोन येनार? सायकल धड चालली तर ऱ्हा चुलतीपाशी, कर मॅट्रिक. न्हाईतर चल संगं. मोळ्या बांधाया मानूस लागतंच." त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती.

सायकल धड चालावी म्हणून दादा रोज पहाटे स्वतः हवा भरायचे. आमचा पंप जुना. त्या वर्षीच्या उन्हाने त्याच्या आतला चामड्याचा वायसर वाळून कडक झालेला. दांडा खाली दाबला की हवा चाकात जाण्याऐवजी वायसरच्या कडेने वर निसटायची. त्यावर आमच्या गावात एक ठरलेला इलाज होता. दांडा बाहेर काढायचा, वायसर घरातल्या चिमणीच्या दिव्यातल्या रॉकेलमध्ये बुडवायचा, परत आत घालायचा. चामडे भिजून तेवढ्यापुरते फुगते, पंप झटक्यात घट्ट होतो, हवा भरली जाते. अजून डोळ्यांसमोर आहे: आई भाकरी बांधते आहे, दादा अंगणात उकिडवे बसून वायसर रॉकेलमध्ये घोळवत आहेत, आणि आई म्हणते आहे, "चिमनीला काई ठेवता का समदं त्या सायकलीलाच पाजता?" दादा वर न बघता म्हणतात, "पेल्याबिगर चालत न्हाई ती." इलाज रोज लागू पडायचा. आणि रोज थोडे जास्त रॉकेल लागायचे, हे मात्र आमच्यापैकी कोणी मोजले नव्हते.

त्या सकाळी मी सायकल ढकलत शाळेच्या फाटकाशी आले तेव्हा प्रार्थना संपली होती. शिपाईमामा फाटकाला टेकून उभे होते. "आजबी सायकल पायीच आली का?" त्यांनी विचारले, आणि त्याच वेळी तुम्ही व्हरांड्यातून खाली उतरलात. काय झाले म्हणून विचारलेत. मी म्हणाले, "बाई, सायकल बिघडली." पुढचे शब्द तुम्ही आवाज न चढवता बोललात, तरी ते मला अजून आहेत तसे ऐकू येतात. "बिघडली हे उत्तर नव्हे. ते कंटाळलेल्या माणसाचं बोलणं आहे. ती काय करते आणि काय करत नाही, ते सांग."

मला रडू येत होते आणि तुम्ही प्रश्न विचारत होतात. हवा चालवताना जाते, की उभी असताना? दोन्ही वेळा. रात्रभर उभी राहिली तर पूर्ण जाते? हो, बाई. दुकानात दाखवलीस? दाखवली, बाई, ट्यूबला भोक नाही म्हणाले. मग तुम्ही शिपाईमामांना शाळेचा पंप आणून चाकात थोडी हवा भरायला सांगितलेत, चाक फिरवून हवा भरायचे तोंड वर आणलेत आणि त्याच्यावरची टोपी काढलीत. त्यावर थेंबभर पाणी हवे होते. पण त्या वर्षी शाळेच्या माठावर झाकण बांधलेले असायचे आणि पाणी फक्त पिण्यासाठी होते. तुम्ही इकडेतिकडे पाहिलेत, आणि स्वच्छ परीटघडीच्या पातळातल्या तुम्ही, उष्ट्याखरकट्याच्या बाबतीत इतक्या काटेकोर, बोट जिभेला लावलेत आणि ते ओले बोट माझ्या धुळकट सायकलीच्या त्या तोंडावर टेकवलेत. शिपाईमामांनी मान दुसरीकडे वळवली. तोंडावर थुंकीचा पातळ पडदा धरला, हळूहळू फुगला, आणि फुटला. "चाकात दोष नाही," तुम्ही म्हणालात. "दारात आहे."

नंतर हे मी शेकडो मुलांना फळ्यावर चित्र काढून सांगितले, पण तुम्ही व्हरांड्याच्या पायरीवर सांगितलेत त्याहून सोपे मला कधीच सांगता आले नाही. तोंडाचा नट सोडवला की आतून एक बारीक धातूची नळी निघते. तिच्या बाजूला टाचणीएवढे छिद्र असते आणि त्यावर रबराची छोटी बाही चढवलेली असते. दुकानात तिला वालट्यूब म्हणतात. पंपाची हवा नळीच्या आतून येते तेव्हा ती बाहीला छिद्रावरून जराशी उचलून चाकात शिरते. पंप थांबला की चाकातली हवा बाहेर पडू पाहते, आणि ज्या बाहीखालून तिला बाहेर पडायचे तीच बाही ती स्वतःच्या जोराने छिद्रावर दाबून धरते. आत जाणाऱ्याला उघडणारे आणि बाहेर येणाऱ्याला मिटणारे हे दार. त्यात ना कडी ना स्प्रिंग, सगळा कारभार रबराच्या चांगुलपणावर. ती बाही तुम्ही ओढून दाखवलीत तेव्हा ती ताणली गेली नाही. लिबलिबीत होऊन हाताला काळी लागली. तुम्ही ती नाकाशी धरलीत. "हिला रॉकेलचा वास का येतो?"

मी दादांचा इलाज सांगितला. तुमच्या चेहऱ्यावर उकल सापडल्याचा जो आनंद आला, तो पाहूनच पुढे मी या धंद्यात पडले असावे. वायसरचे रॉकेल हवेबरोबर थेंबाथेंबाने त्या बाहीवर जात होते. रॉकेलने रबर फुगते, सैल होते, सडते. शिवाय चामड्यातले उरलेसुरले तेलही रॉकेलबरोबर निघून जात होते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते आणखी कडक. ज्या इलाजाने आम्ही रोज सकाळी हवा भरत होतो, त्याच इलाजाने ती रोज रात्री सोडतही होतो.

दुसऱ्याच दिवशी बाजार होता; सायकल काही धड होत नाही म्हणून दादा माझे नाव काढायला शाळेत आले. तुम्ही त्यांना तुमच्या खोलीत बसवलेत. चहाचे आधण स्टोव्हवर होते. पोरीचे भवितव्य, हुशारी यांबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. तुमच्या सांगण्यावरून मी सायकलीला बांधून आणलेला आमचा पंप घेतलात, वायसर काढलात, कपाटातून एरंडेलाची बाटली काढून ते चामड्यात बोटांनी जिरवायला लागलात. दादा पाहत होते. "बाई, हे तर पोट साफ कराया घेत्यात." तुम्ही म्हणालात, "पंपाचंही होईल." दादा हसले, आणि मला वाटले, आता कदाचित. तुम्ही वायसरची कड अंगठ्याने सगळीकडून बाहेर ओढून, उमलवून, पंप जोडून त्यांच्या हातात दिलात. "एरंडेल घट्ट असतं, जागेवर राहतं, आणि रबराला बाधत नाही. आज संध्याकाळी हवा भरा. सकाळी चाक दाबून बघा. बसलेलं असलं तर मुलीला घेऊन जा, मी अडवणार नाही." दादांनी विचारले, "आन् न्हाई बसलं तर?" तुम्ही कपबशी पुढे केलीत. "तर तुम्ही शब्दाचे पक्के आहात असं ऐकलं आहे."

निघताना तुम्ही माझ्याकडून नवी बाही बसवून घेतलीत आणि वर वीतभर वालट्यूब दिलीत. फळ्याखाली साचलेल्या खडूच्या पुडीत ती घोळवलीत, म्हणजे चिकटणार नाही, आणि म्हणालात, "कंपासपेटीत ठेव. कधी कोणाला लागली तर कापून दे, पण बसवून देऊ नकोस. बसवायला सांग."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आई चुलीपाशी, मी दारात, आणि दादा सायकलीपाशी उभे आहेत. ते मागचे चाक अंगठ्याने दाबतात. पुन्हा दाबतात. मग दोन्ही अंगठे लावून, सगळा भार देऊन दाबतात. मी त्यांच्या पाठीकडे बघते आहे, त्यांचा चेहरा मला दिसत नाही. "निघ आता," ते म्हणतात. "उशीर व्हईल." आई आतून म्हणते, "चला, रातीला उजेडात जेवू आता." त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती दोघे ट्रकात बसून गेली आणि मी हात हलवून सायकलीवर टांग टाकली. पुढे मॅट्रिक झाले. तुमची बदली झाली. खूप वर्षांनी एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, कोणीतरी सहज सांगितले की तुम्ही गेलात. वाढप चालू होते. मी पानावरचे संपवले.

आता ते लहान कारण. माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई आज सकाळी सायकल ढकलत आली. "आज्जी, दुकानवाला म्हनतो पंक्चर न्हाई, तरी रोज बसती. काय झालं असंल हो?" माझ्या मनात सगळे उत्तर तयार झाले. नळी, छिद्र, बाही, दार. आणि मी म्हणाले, "बिघडली असेल. नवी ट्यूब टाकून घे." ती बरं म्हणून आत गेली, आणि काम उरकून सायकल माझ्या फाटकाशीच ठेवून पुढच्या घरी पायी गेली. ‘बिघडली’ हा शब्द माझ्या तोंडून गेला, बाई. आणखी एक कबूल करते: तो उच्चारताना मला बरे वाटले, भिंतीला पाठ टेकावी तसे.

हे पत्र कुठे जायचे नाही. ती कंपासपेटी ठेवली आहे त्या डब्यात ते राहील; पेटीत खडूची पूड अजून आहे आणि वालट्यूब मी दर काही वर्षांनी नवी ठेवत आले आहे. दुपारी काठी घेऊन फाटकापर्यंत गेले. त्या सायकलीचे चाक वाकून फिरवण्यात बराच वेळ गेला; तोंड वर आले, पण टोपीला हात लावला नाही. उद्या ती आली की मी बसून राहीन आणि तिलाच करायला सांगेन, तुम्ही सांगितलेत त्या क्रमाने. आधी चाकात थोडी हवा हवी. हवा भरायचे तोंड वर आणायचे. टोपी काढायची. बोट जिभेला लावून तोंडावर ओल धरायची आणि हात काढून नुसते बघत राहायचे. पडदा फुगला, तर ट्यूब बदलू नये, दारावरचे रबर बदलावे. सपाट राहिला, तर दार चांगले आहे, मग दुसरीकडे शोधावे. घाई करायची नाही. बोटावरची ओल वाळायच्या आत उत्तर येते.