पुण्यात गंज मिळत नाही

वाघोली, पुणे
रविवार, जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप मैनाताईस,

धाकट्या वैजनाथचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. भाऊजींच्या गुडघ्याला आता कसं आहे? लग्न जवळ आलं की तो दुखायला लागतो आणि मांडव उतरला की थांबतो, हे मी घरातल्या प्रत्येक लग्नात पाहिलं आहे, त्यामुळे फार काळजी करत नाही. तुझी पाठ मात्र सांभाळ. हळदीचे डबे स्वतः उचलू नकोस, तुझ्या जाऊबाईंना उचलू दे. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपलं बोलणं तुझ्याआधी त्या जाऊबाईंनाच कळतं. म्हणून हे पत्र मी गंजाच्या आत ठेवून, वर फडकं बांधून मच्छिंद्रच्या ट्रॅव्हल्सने पाठवतोय. (मच्छिंद्र म्हणजे तुझ्या नणंदेचा तो मुलगा, जो गाडी चालवताना मागे वळून प्रवाशांशी गप्पा मारतो. गंजाला बोलता येत नाही ही देवाची कृपा.)

तर गंज मिळाला, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, आणि याच भांड्यात पडेल. पण तो कसा मिळाला हे ऐकल्याशिवाय तू त्यात वरण शिजवू नयेस असं मला वाटतं. तू सांगितलं होतंस की अपेक्षाच्या आंदणात मामाकडून पितळेचा गंज हवा, आपल्या आईकडे होता तसा, उभट, सरळ पोटाचा, काठ बाहेर वळलेला. मंगरूळला आता स्टीलशिवाय काही दिसत नाही म्हणालीस, आणि मी फुशारकीने म्हणालो की पुण्यात काय मिळत नाही. दुसरं तू असं बजावलंस की व्याह्यांपुढे जपून बोल, शक्यतो बोलूच नकोस, आपली वऱ्हाडी तोंडातून बाहेर पडली तर लग्नाआधीच ती माणसं पोरीला हसतील. याच धास्तीने तू अपेक्षाला सध्या 'सांबार' म्हटलं की तीनदा 'कोथिंबीर' म्हणायला लावतेस, हे मला तिनेच कळवलं आहे. (तिला रागावू नकोस. मीच खोदून विचारलं.)

आता मी वाघोलीत राहतो म्हणजे पुण्यात राहतो असं तुम्हाला तिकडे वाटतं. मलाही वाटत होतं. पण तसं नाही, हे मला नीरजाबाईंनी भेटल्या भेटल्या सांगितलं. नीरजाबाई म्हणजे आपल्या होणाऱ्या जावयाच्या, अवधूतच्या, सख्ख्या काकू. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्या लोकांना जुन्या पेठांतले बाजार हिंडवून दाखवतात. या उद्योगाला बाजारफेरी म्हणतात. कॉम्प्युटर कंपन्यांतली पोरं आणि परदेशातून सुट्टीवर आलेली कुटुंबं त्यांच्यामागून पिशव्या धरून निमूट चालतात. अवधूतने भलेपणाने माझी त्यांच्याशी गाठ घालून दिली. म्हणजे तोंड बंद ठेवायचं ते व्याह्यांपुढे, आणि दिवसभर हिंडायचं तेही व्याह्यांच्याच मागे, अशी माझी सोय झाली. शनिपाराशी भेटलो तेव्हा बाईंनी कुठून आलात विचारलं. वाघोलीहून म्हटल्यावर म्हणाल्या, "असं होय. मग आता पुण्यात आला आहात, चला." माझ्या हातातली प्लास्टिकची पिशवी त्यांनी घडी घालून मलाच परत दिली आणि स्वतःची कापडी पिशवी माझ्या खांद्याला लावली. दुकानदार आधी पिशवी बघतो, मग माणूस, मग भाव सांगतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ताई, काय सांगू तुला. इतकी वर्षं मी या शहराच्या कडेला राहिलो आणि मॉलच्या सरकत्या जिन्याला बाजार समजत होतो. तुळशीबागेत शिरलो आणि माझी मान जी वर झाली ती खाली येईना. एका दुकानात नुसती देवांची वस्त्रं, इतकी लहान की माझ्या अंगठ्याला झालं असतं असं पीतांबर, आणि त्यालाही जरीचा काठ. एका दुकानात नुसती बटणं, भिंतभर, आणि मालकाला कुठलं बटण कुठल्या खणात आहे हे न बघता माहीत. पुढे मंडईची ती दगडी इमारत आली तेव्हा माझा हात टोपी काढायला डोक्यावर गेला. (टोपी नव्हती, पण हात गेला.) आणि ही सगळी गर्दी नीरजाबाईंना वाट करून देत होती. त्या कुणाला बाजूला व्हा म्हणत नव्हत्या, नुसतं चष्म्यावरून बघत होत्या. कुठला दुकानदार कुणाचा जावई, कुणाचं दुखणं कुठवर आलं, कोणाकडे हळद घ्यावी आणि कोणाकडे नुसता नमस्कार करावा, सगळं त्यांना ठाऊक. आपल्याकडे तलाठ्याला गावाची एवढी माहिती नसते.

मी ठरवल्याप्रमाणे गप्प होतो. पण माणूस हरखला की तोंड सुटतं. मंडईत एक जुडी इतकी हिरवीगार दिसली की मी भाजीवालीला म्हणालो, सांबार काय ताजा आहे हो तुमचा. तिने मला खालून वर न्याहाळलं आणि सांबार हॉटेलात मिळतो, डावीकडे वळा, असा पत्ता सांगितला. मी मनातल्या मनात तीनदा कोथिंबीर म्हटलं. नीरजाबाई काही बोलल्या नाहीत. पुढे समयांच्या दुकानात मी रेंगाळलो तेव्हा मालकाने काय हवंय विचारलं आणि मी सवयीने बोलून गेलो, "काही नाही, पाहून राहिलो." तो म्हणाला, "पाहा, पण राहू नका. मागे लोक उभे आहेत." नीरजाबाई याही वेळी गप्प होत्या, आणि पुण्याच्या माणसाचं गप्प बसणं त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी अवधूतच्या घरी चहाबरोबर माझा विषय निघणार आणि लग्नानंतर अपेक्षाकडेही सगळे त्याच नजरेने बघणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

आणि मग भांड्यांचं दुकान आलं. आत पाऊल टाकलं तर छताला घंगाळी टांगलेली, खाली परातींच्या चळती, मधे गादीवर मालक. मी अगदी शुद्ध, पुस्तकी आवाजात विचारलं की आपल्याकडे गंज आहे का. मालक ताठ झाला. म्हणाला, साहेब, आमच्याकडे गंज नसतो, चार पिढ्यांत कुणाची तक्रार नाही. मला वाटलं, नवा माल संपला असेल. मी समजुतीने म्हटलं, जुना असला तरी चालेल. त्याचा चेहरा पडला तसा मी आणखी सावरायला गेलो, की पितळेचा हवा, चांगला मोठा, भाचीच्या लग्नात द्यायचा आहे. त्याने आतून धाकट्या भावाला हाक मारली आणि हे गृहस्थ भाचीला लग्नात गंज देणार आहेत, अशी ओळख करून दिली. भावाने मला जुन्या बाजारात जायला सांगितलं. तिथल्या सगळ्याच वस्तूंवर असतो म्हणाला, वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, इथे गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो, तांबूस. आपला गंज यांना माहीतच नाही, यांच्याकडे त्याला पातेलं म्हणतात. आता पातेलं हा शब्द मला काही नवा नव्हता, वाघोलीच्या घरात आम्हीही तोच वापरतो. पण आईच्या त्या भांड्याला, ज्यातलं वरण वाढताना ती आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे बघायची, त्याला पातेलं म्हणायला माझी जीभ वळेना. तेव्हा नीरजाबाई मला दुकानाच्या पायरीवर घेऊन आल्या आणि गंज म्हणजे नक्की काय ते त्यांनी विचारलं. मी हातांनी आकार दाखवला. त्या म्हणाल्या, "भांडं आहे होय. मग सकाळीच नाही का सांगायचं?" आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं की ताईने तुमच्यापुढे बोलू नको म्हणून सांगितलं आहे.

निघालेला शब्द आत घेता येत नाही. मी चपलांकडे बघत बसलो. मनात म्हटलं, झालं, मोडलं लग्न. बाई चष्मा पुसता पुसता म्हणाल्या की त्या मूळच्या बेळगावच्या. (होय. मीही असाच बघत राहिलो.) लग्न होऊन शनिवार पेठेत आल्या तेव्हा 'या की', 'बसा की' असं बोलायच्या, आणि सासूबाई दर वेळी विचारायच्या, ही की कुठल्या कुलपाची. घरातले सगळे हसायचे. कुणी वाईट नव्हतं, नुसते हसायचे. "पहिलं वर्ष मी मुकी होते. मग बोलायला लागले ती यांच्यासारखी," एवढं म्हणून त्या उठल्या आणि पदर खोचून रविवार पेठेच्या दिशेने चालू लागल्या.

तिथून पुढे त्यांनी जे केलं ते बघून मी थक्क झालो. प्रत्येक भांडेवाल्याच्या दारात उभं राहून त्या खड्या आवाजात सांगायच्या की यांना गंज हवा आहे, गंज म्हणजे उभट पातेलं, आणि तुम्हाला हा शब्द माहीत नसेल तर आज माहीत करून घ्या. आख्ख्या बोहरी आळीने तो शब्द ऐकला. कुठे पोट गोल, कुठे काठ आत वळलेला, कुठे पत्रा पातळ. बाई बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायच्या आणि पुढे निघायच्या. शेवटी कसब्यातल्या तांबट आळीत शिरलो. तिथे हातोड्यांचा असा काही ठेका चालू होता की माझं बोलणं आपोआप बंद झालं. पितळेवर ठोक्याशेजारी ठोका, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही, आणि त्यातून उमटलेली ती चकाकी. मला हात जोडावेसे वाटले. आणि तिथेच कोपऱ्यात तो होता. सरळ पोटाचा, काठ बाहेर वळलेला. मी उचलला तर वजनसुद्धा ओळखीचं वाटलं. माझे डोळे भरून आले ते मी भट्टीच्या धुराच्या नावावर खपवले.

शेजारीच भांड्यांवर नावं घालणारे रंगनाथराव बसतात. मी 'चि. अपेक्षास मामाकडून' असं घालायला सांगितलं. नीरजाबाई म्हणाल्या, पुढे 'गंज' असंही घाला, नाहीतर आमच्या घरात दुसऱ्या दिवशी त्याचं पातेलं होईल. रंगनाथरावांनी टाकी खाली ठेवली. भांड्यावर गंज हा शब्द आपल्या हातून पडणार नाही, लोक म्हणतील काय, असं ते शांतपणे म्हणाले. आळीतले लोक जमले. दोन्ही बाजूंनी मतं आली. कुणी 'पितळी गंज' सुचवलं, कुणी कंसात पातेलं घाला म्हणालं. तेव्हा बाईंनी रंगनाथरावांना विचारलं, "पितळेला गंज चढतो का?" ते म्हणाले, कधीच नाही. "मग भिता कशाला? घाला की." तो 'की' त्यांच्या लक्षात आला नाही. माझ्या आला. रंगनाथरावांनी मुकाट्याने टाकी उचलली, आणि आता तू फडकं सोडलंस की तो शब्द तुला वाचायला मिळेल. अक्षर सुरेख आहे, फक्त 'ज'ची मान थोडी वर झाली आहे. त्यात त्यांचा राग असावा.

बाकी भेटीअंती. भाऊजींना नमस्कार, अपेक्षाला आशीर्वाद, जाऊबाईंना जे द्यायचं ते तू देतच असतेस.

तुझा
वैजनाथ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. अपेक्षाची ती कोथिंबिरीची शिकवणी आजपासून बंद कर. तिला तिकडे जाऊन ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. हसले तर हसतील, पण त्या घरात एक माणूस आता तिच्या बाजूने उभं आहे, आणि ते माणूस हसणाऱ्याला पुरून उरणारं आहे. आणि तूही बोल. साखरपुड्यात तू व्याह्यांसमोर बसून नुसती हो हो करत होतीस, ते मला फार लागलं. त्यांना वाटलं, मुलीची आई अबोल आहे. तू आणि अबोल!

ता. क. दुसरा. वरचा ता. क. लिहून पत्र एकदा वाचून काढलं, तर सगळं पुण्याच्या बोलीत उतरलेलं. तुला लिहितोय तरीसुद्धा. म्हटलं फाडावं आणि आपल्या बोलीत पुन्हा लिहावं. नवा कागद घेऊन बसलो, 'ताई' लिहिलं, आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. पाहून राहिलो, करून राहिलो, असं कायकाय लिहून बघितलं, पण ते कुणाची तरी नक्कल केल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून हेच पाठवतोय. लग्नाच्या आधी चार दिवस येतो. अपेक्षाची ती शिकवणी आता मला लाव, पण उलटी.