अध्यक्षांचा रॅम्प

२ जून, सोमवार. लुधियाना.
आजपासून डायरी रोज लिहायची. मोठ्या माणसांच्या डायऱ्या असतात, आन मी आता अध्यक्ष हाय. संस्था गावाकडं, मांजरसुंब्याला, आमच्याच घराच्या ओट्यावर. अध्यक्ष इथं पंजाबात, ट्रक धुवायच्या सेंटरवर. अडचण काहीच न्हाई. फोन हाय.

काम तसं स्वप्नालीच बघती. धाकटी बहीण. लहानपणापासून पायानं अधू, व्हीलचेअरवर असती. आजूबाजूची पाच अपंग पोरं दिवसभर तिच्याकडं असतात, कारण आया ढाब्यावर नायतर रानात कामाला. ती त्यांना खाऊ घालती, हातपाय हलवून घेती, बोलायला शिकवती. आता जिल्ह्याच्या ऑफिसातून कागद आला. दिव्यांग सेवा केंद्र म्हणून नोंदणी करा, त्याच्या आधी ऑडिट होणार. पास झालं तर केंद्र चालणार. न्हाई झालं तर पोरं आपापल्या घरी.

स्वप्नालीला म्हणलं, काळजी करू नको, मी हाय.
ती म्हणली, "हायेस खरा. कुठं हायेस तेवढं सांग."
चेष्टेची सवय हाय तिला.

३ जून. सकाळी.
ऑडिटवर विचार केला. ऑडिट म्हणजे हिशोब तपासणे. आपल्या संस्थेत पैसाच न्हाई, मग तपासणार काय? म्हणजे आपण आत्ताच पास. आठवीत शाळा सोडली पण डोकं चालतं.

४ जून.
स्वप्नाली म्हणली हे ऑडिट हिशोबाचं न्हाई, जागेचं हाय. ऑफिसातून एक मॅडम येऊन बघणार. संडासात धरायला दांडा, पोरांची नोंद, कोर्स केलेलं माणूस. ते सगळं तिनं करून ठिवलंय, कोर्सबी तिचाच हाय. रॅम्प तेवढा राहिलाय.

रॅम्प म्हणल्यावर मी बादली खाली ठिवली. सहा वर्षं झाली, मी ट्रक धुवायला चढवतात त्या रॅम्पवरच उभा हाय. क्लीनर म्हणून ट्रकवर निघालतो, इथं उतरलो तो रॅम्पवरच. बीड जिल्ह्यात रॅम्पमधलं माझ्याइतकं कुणाला कळत नसंल.

ती म्हणली कागदावर माप दिलंय, फोटो पाठवते. म्हणलं फोटो राहू दे. माप मला पाठ हाय.

६ जून, शुक्रवार.
चाँदला फोन लावला. शाळेतला दोस्त. चौकात त्याचं गॅरेज हाय, आन सिमेंटची कामंबी घेतो.
"बोला अध्यक्षसाहेब," म्हणला. मान देतो माणूस.
सांगितलं, घरापुढं रॅम्प पाहिजे, एक नंबर.
"वजन किती येणार बे?"
म्हणलं सर्टिफिकेटचं काम हाय. बोलेरो चढली तरी हलायला न्हाई पाहिजे.
"मंग बोलेरोच्याच मापाचा करतो. पर कशाला पाहिजे?"
म्हणलं ऑडिटला.
"ऑडिटवाल्यांची गाडी वर घ्यायची का?"
म्हणलं तू प्रश्न लई विचारतो. बांध.
पायऱ्या आड येतात म्हणला. म्हणलं तोड. रॅम्प असल्यावर पायऱ्या कशाला?

स्वप्नाली कागदांसाठी बीडला मावशीकडं गेलती. बरंच झालं. आल्यावर एकदम बघंल.

८ जून.
आईचा फोन. "आरं सुग्रीव, पायऱ्या कावून तोडल्या? मी खाली कशी उतरू?" म्हणलं सरकारी काम हाय. आईला सरकार म्हणलं की पुरतं.

११ जून, बुधवार.
रॅम्प झाला. चाँदनं फोटो पाठवला. हुबेहूब आमच्या सेंटरसारखा. दोन पट्ट्या, मधी मोकळी जागा, चढ असा की ट्रकनंबी पहिला गिअर टाकावा. इथल्या सगळ्या पोरांना दाखवला. बिहारचा एक पोरगा म्हणला, भाई, गाँव में सर्विस सेंटर डाला क्या? त्याला काय कळतंय.

स्वप्नाली घरी आली. चौघांनी खुर्चीसकट उचलून वर ठिवली म्हणं. फोनवर तिनं एकच विचारलं, "मदली जागा कशाला सोडली?"
म्हणलं, पाणी खाली जायला.
आन फोन ठिवला. कौतुक पटकन तोंडातून निघत न्हाई तिच्या.

१३ जून.
ट्रक धुताना मनात एक आलं. बोलेरोच्या दोन चाकांत अंतर किती, आन व्हीलचेअरच्या दोन चाकांत किती. तेवढ्यात दुसरा ट्रक आला.

१४ जून.
काल आलेलं आजबी आलं. चाँदला म्हणलं, मधी एक फळी टाक. म्हणला, "फळी टाकली तर घसरगुंडी हुईल बे. मंग जत्रंचं सर्टिफिकेट मिळंल." म्हणलं टाक तरी.

१७ जून, मंगळवार. ऑडिट.
मला व्हिडिओवर घ्या म्हणून सांगितलंतं. अध्यक्ष दिसले पाहिजेत. नेमका तेव्हाच मालकानं मला टँकर खालून धुवायला घातलं. मग चाँदनं सांगितलं ते लिहितो.

मॅडम आल्या. गाडीतून उतरून रॅम्पपुढं उभ्या ऱ्हायल्या. म्हणल्या, "इथं गाड्या धुता का?" चाँद म्हणला, "न्हाई मॅडम, तुमचीच पहिली." ह्यानंच घात केला.

फळीवरून मॅडमला हात धरून वर नेलं. वरचं सगळं बघून मॅडम खूश. संडास ठीक. नोंद ठीक. सायली म्हणून सहा वर्षांची पोरगी हाय, कुणापुढं तोंड उघडत न्हाई. तिनं मॅडमला स्वतःचं नाव सांगितलं. स्वप्नालीनं वर्षभर शिकवलंतं. मॅडमनी दोनदा सांगायला लावलं.

मग म्हणल्या, "आता तुमची खुर्ची खाली घेऊन दाखवा." फळीवर खुर्ची घेतली. चाँद म्हणतो स्वप्नाली पडली न्हाई, त्यानं धरली. खुर्ची पडली.

मॅडमनी लिहिलं, प्रवेश असुरक्षित. रॅम्प पाडून नियमानं बांधा. तोवर पोरं ठेवायची न्हाईत.

माझं मत, मॅडमना रॅम्पमधलं कळत न्हाई.

१८ जून.
स्वप्नालीनं त्या मापाच्या कागदाचा फोटो पाठवला. सोबत एक शब्द न्हाई. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमच्या इथं एवढ्याला कुणी रॅम्प म्हणत न्हाई, रस्ता म्हणतात.

१९ जून.
ठरलं. मी स्वतः जाणार. स्वतः पाडणार, स्वतः बांधणार. मालकाला सुट्टी मागितली. म्हणला जा, पण परत येऊ नको. त्याचा स्वभाव तसाच हाय. दिवाळीत नक्की जायचं.

२२ जून, रविवार.
चाँदला म्हणलं तूच पाड. म्हणला दोन दिवस घण मारतोय, टवका निघाला न्हाई. "तूच म्हणला बोलेरोनं हलायला न्हाई पाहिजे. मी जीव लावून काम केलं बे."

पोरांचं विचारलं. सगळी घरी गेली. सायलीची आई तिला ढाब्यावर घेऊन जाती आन कामात असली की ओढणीनं तिचा पाय खाटंला बांधती, रस्त्यावर पळू नये म्हणून. ती आता नावबी सांगत न्हाई.

आज इथं लई गरम हुतं. जेवलो न्हाई. गरमीमुळं.

२३, २४, २५.
डायरी लिहायला जमलं न्हाई. ट्रक लई.

२७ जून.
स्वप्नाली फोन उचलत न्हाई. रेंज नसंल.

२९ जून, रविवार.
चाँदचा फोन. एक जीपवाला रॅम्पवर गाडी चढवून धुऊन गेला. दुसरा विचारून गेलाय. चाँद म्हणला, "बांधून घेतलंस भारी हां. एक पाईप टाकला तर सेंटर चालंल." मला हसू आलं. मग विचारलं, स्वप्नाली काय करती?

"बसती वर. बघती."
म्हणलं चौकात बिकात येत न्हाई का?
"येईल कशी? आधी यायची की रोज. पायऱ्यांवरून बसल्या बसल्या सरकत उतरायची, एकटी. खाली जुनी खुर्ची ठिवलेली असायची, तिच्यात बसून चौकापर्यंत. माझ्याकडं चहा घ्यायची. तुला म्हाईत न्हाई?"

मला म्हाईत नव्हतं.

चाँद म्हणला, तुझी आईबी वरच. चढावर तिचा पाय ठरत न्हाई. रोज कुणीतरी खालून किराणा वर देतं.

आता ठरलं. रॅम्प राहू दे. बाजूला पायऱ्या पहिल्यासारख्या बांधून घ्यायच्या, तेवढं तरी. चाँद तयार हाय. म्हणला माप सांग. म्हणलं आत्ता सांगतो, आमच्याच घराच्या पायऱ्या, मला पाठ हायेत.

पायऱ्या तीन हुत्या का चार?

स्वप्नालीला तीनदा लावला. उचलत न्हाई.