केझायाची फुली

हॅगर्ट्स हार्बर, न्यूफाउंडलंड
९ सप्टेंबर १९९६

चि. कोरिनास, आजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू डब्यात बसून बोलल्यासारखी ऐकू येतेस, म्हणून पत्र. लिहिते आहे ब्लँच. तीस वर्षं पोस्टात बसून तिने गावाची पत्रं बाहेरून वाचली, आता एखादं आतून लिहू दे. हे वाक्य गाळते म्हणाली. मी म्हटलं, गाळलंस तर चहा नाही.

केझायाला पुरून आज तीन आठवडे झाले. तू आलीस, बरं वाटलं, पण जेवलीस चिमणीएवढं. हॅलिफॅक्सला काय खातेस, कागद? सरकार तुला पैसे देतं ते पूर्वी आम्ही मासे कसे वाळवायचो हे विचारायला; आम्ही वाळवत होतो तेव्हा कुणी दमडी दिली नाही. असो, तुझं पोट भरतंय ना.

आता कामाचं. माझ्या बहिणीचं मागे काहीच उरलं नाही. अक्षर तिलाही येत नव्हतं, आणि एकुलत्या फोटोत ती डोळे मिटून उभी आहे. पण तुझ्या मशीनपुढे ती चार कॅसेटी बोलली. वाळवणाच्या लाकडी माचांवर मासे पसरणाऱ्या बायकांची ती मुकादम. धुकं यायच्या आधी तिला वास यायचा आणि तिची हाक समुद्रातल्या होड्यांपर्यंत जायची. तो आवाज मला हवा आहे. कॅसेटी पाठव. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या मिळून ऐकू. मी गावभर सांगून मोकळी झाले आहे, तेव्हा माझं नाक कापू नकोस.

लोभ असावा, नसला तर मुरंब्याची बरणी तेवढी परत कर.

तुझी,
ट्रायफिना आजी


हॅलिफॅक्स
२३ सप्टेंबर १९९६

ती. आजीस, कोरिनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. उत्तर लिहायला दहा दिवस लागले, कारण त्यात चांगलं काही नाही.

ऑटावाच्या सरकारकडून आमच्या कामाचे पैसे बंद झाले. फक्त माझेच नाहीत; इतिहास, भाषा, लोकजीवन, सगळ्यांवरच कुऱ्हाड आली. माझं काम दोन वर्षं आधीच, एकतीस ऑक्टोबरला, संपलं असं धरलं जाईल.

पैशांचं मी बघेन. खरी अडचण पुढे आहे. मागच्या वर्षी तुम्ही अकराजणींनी एका कागदावर फुली केली होती, आठवतं? त्यावर तीन चौकटी होत्या. पहिली: कॅसेटी कायम ठेवा, कुणालाही ऐकू द्या. दुसरी: फक्त अभ्यासकांना. तिसरी: काम संपेपर्यंत एकट्या कोरिनाने ऐकाव्यात, आणि काम संपलं की पुसून टाकाव्यात. अकराही जणींची फुली तिसरीत आहे. केझाया आजीचीसुद्धा.

ज्या हयात आहेत त्या नवीन कागद करू शकतात, तो मी सगळ्यांना पाठवते आहे. गेलेल्यांचं मात्र बदलता येत नाही. बहिणीलाही त्यांच्या वतीने फुली करता येत नाही. मी विद्यापीठाच्या समितीला विनंती केली आहे.

आजी, एक विचारू? एकीनेही वेगळी चौकट का निवडली नाही? मला कळत नाही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
कोरिना


हॅगर्ट्स हार्बर
४ ऑक्टोबर १९९६

चि. कोरिनास, अ. आ.

ब्लँचने तुझं पत्र वाचलं आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसली. मला पुसायला चष्मा नाही.

तुला कळत नाही म्हणतेस, तर ऐक. मीच सांगितलं होतं सगळ्यांना.

सदुसष्टात आमच्या स्केट कोव्हला सरकारचा माणूस आला होता. टाय लावलेला, गोड बोलणारा. त्याच्या कागदावर आम्ही फुल्या केल्या, आणि उन्हाळ्यात घरं होड्यांना बांधून खाडीपलीकडे ओढून आणावी लागली. गाव गेलं. तेव्हापासून आम्हा बायकांचा नियम आहे: सरकारी कागद आला की ज्यात आपलं सगळ्यात कमी जातं तिथे फुली मारायची. नातेवाईक म्हणून तू बाहेर थांबलीस, आणि ती तुमची दुसरी बाई हॉलच्या स्वयंपाकघरात तीन चौकटी वाचत होती. चांगलं सावकाश वाचत होती बिचारी. तिसरी ऐकल्यावर मी सगळ्यांकडे बघून मान हलवली. झालं.

केझायाला पहिली हवी होती. ती म्हणाली की राहू दे की, कोण येणार आहे माझा आवाज चोरायला. मी तिला कोपर मारलं आणि म्हटलं की सत्तर वर्षांत तुला शहाणपण आलं नाही. तिने हसून तिसरीत फुली केली. माझं ऐकायची तिला सवय नव्हती. नेमकं त्या दिवशी ऐकलं.

आता असं कर. तिचाही कोरा कागद पाठव, मी फुली करते. फुलीला काय तोंड असतं? तिची आणि माझी समोरासमोर ठेवली तर आमच्या आईलाही ओळखता आली नसती. ब्लँच साक्षीदार म्हणून सही करते. नाही म्हणते आहे, पण करेल.

नाहीतर एखादी कॅसेट हरवली म्हण. तू लहानपणी मोजे हरवायचीस, कुणी पोलीस बोलावले नाहीत.

लवकर लिही. माझा लोभ या खेपेला जरा लबाड आहे, गोड मानून घे.

तुझी,
आजी


हॅलिफॅक्स
१७ ऑक्टोबर १९९६

ती. आजीस, सा. न. वि. वि.

समितीचं उत्तर आलं: नाही. तिथली बाई वाईट नाही. तिने मला बसवून घेतलं, कॉफी दिली, स्वतःचेच डोळे पुसले, आणि नियम दाखवला. नियम वाईट असता तर भांडले असते. पूर्वी अभ्यासक गावोगावी जाऊन लोकांची गाणी, दुखणी, भांडणं घेऊन गेले आणि विचारलंही नाही. ते पुन्हा होऊ नये म्हणून हा नियम.

केझाया आजीची चौथी कॅसेट मी एकदा खिशात घालून घरी आणली. रात्रभर टेबलावर होती. सकाळी परत नेऊन ठेवली. तुमच्या फुलीचा शब्द मोडणार नाही असं मी लिहून दिलं आहे, आजी. सदुसष्टात तुमच्यासाठी कुणी तेवढंही केलं नव्हतं. खोटी फुली मला मागू नकोस. मागितलीस तर मी करून बसेन.

एकतीसला सकाळी पुसायच्या आहेत. दुसऱ्या कुणाला करू देणार नाही, मीच करेन.

आणखी एक आहे, ते लिहायला हात उचलत नाही. तुझ्या स्वतःच्या सहाव्या कॅसेटमध्ये केझाया आजी शेजारी बसलेली आहे. तुझं वाक्य तोडते, तारखा सुधारते, हसते. तो आवाजही तिचाच, म्हणून तोही पुसावा लागेल. तेव्हा तूच ठरव: तुझी ती कॅसेट भोकं पडलेली ठेवायची, की सगळीच पुसायची? नवीन कागद सोबत आहे. तीसच्या आत पोचू दे.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
कोरिना


हॅगर्ट्स हार्बर
२५ ऑक्टोबर १९९६

चि. कोरिनास, अ. आ.

रागावले होते. दोन दिवस. राग ब्लँचवर काढला, तिला सवय आहे.

तू कॅसेट परत ठेवलीस ते बरोबर केलंस. हे म्हणायला मला फार जड जातं आहे, म्हणून एकदाच म्हणते. कोपर माझं होतं, तुझं नाही. आता देवाघरी गेले की केझाया पहिल्यांदा तेच बोलणार, आणि तिथे तर तिला थांबवायलाही कुणी नाही.

हॉलमधल्या बायकांना मी सगळं, कोपरासकट, सांगून टाकलं. सेलिनाने केक आणला होता, तो तसाच कापला आणि खाल्ला. सगळ्यांनी नवीन कागद केले. जो नियम मी घालून दिला तो मीच मोडला. बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी आता नाचायलाच लागणार.

माझ्या कागदावर फुली पहिल्या चौकटीत आहे. ब्लँचने तीनदा वाचून घेतलं. कायम ठेवा, कुणालाही ऐकू द्या, आणि नाव घाला: ट्रायफिना कीपिंग, स्केट कोव्हची.

सहावी कॅसेटही ठेव. पण एक ऐक. केझाया जिथे जिथे बोलते तिथली जागा कापून जोडू नका. ती जेवढा वेळ बोलली तेवढा वेळ गप्प राहू दे. ती लांबण लावायची, तेव्हा लांबच गप्प राहील. मग मी म्हणेन की साफ खोटं बोलतेस. आणि मग मी हसेन. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारी रिकाम्या खुर्चीशी भांडते आहे.

वाटू दे. सध्या तेच करते आहे.

एकतीसला सकाळी किती वाजता ते फोन करून कळव. मी काही करणार नाही. नुसती बसून राहीन.

लोभ कर बाई, दुसरं काय सांगू.

तुझी,
आजी