जेवणाच्या सुट्टीत मावेल एवढं

ता. १४, गुरुवार

बाबा,

नमस्कार. नेहमीचा लांबलचक मायना घातलेला नाही. त्याचे शब्द वाचवले आहेत, पुढे लागतील.

मी ठीक आहे. खोलीच्या खिडकीला अखेर काच बसली. घरमालकीणबाई तीन आठवडे 'उद्या' म्हणत होत्या. आईचा डोळा बरा आहे हे आईकडून कळलं. तुमचीही खबर तिच्याकडूनच कळते, ती एवढीच: "आहेत बरे." दोन वर्षांत आपण एकमेकांशी सरळ बोललेलो नाही, तेव्हा तुम्ही कसे आहात हे आता पत्रात विचारणं विचित्र दिसेल.

पत्र मुद्दाम कारखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे आणि मोठ्या अक्षरांत छापून. कागदांचे तीन गठ्ठे वेगवेगळ्या पिना मारून केले आहेत. एका जेवणाच्या सुट्टीत एकच गठ्ठा वाचायचा. तिसरा आधी उघडू नका असं सांगणार होते, पण तुम्ही तसं करणार नाही हे मला माहीत आहे.

आता तक्रार.

आमची कंपनी मोजमापाची साधनं बनवते आणि मी ती तपासते, हे तुम्हाला ठाऊक आहे. चौदा महिन्यांपूर्वी कंपनीच्या वेबसाइटवरचा ब्लॉगही माझ्या गळ्यात पडला. साधनांची निगा कशी राखावी, मोजण्याआधी त्यांचा झीरो, म्हणजे शून्य, कसं जुळवावं यावर छोटे लेख. दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं. समोर माणूस साधन हातात धरून उभा आहे असं समजून मी लिहायची. एका लेखाला चारशे दहा शब्द, फार तर.

आमच्या मॅनेजरना आम्ही तक्तेसाहेब म्हणतो, कारण तक्ता दाखवल्याशिवाय त्यांच्याच्यानं बोलवत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं.

"तुझे लेख खुजे आहेत."

"मुद्दा संपला की लेख संपतो, साहेब."

"मुद्द्याचं कोण विचारतंय? हे बघ. इंटरनेटवर शोधलं की वर येणारे पहिले दहा लेख. सरासरी अठराशे शब्द. आणि तू कुठे?"

"मायक्रोमीटरचा झीरो लावायला चार मिनिटं लागतात. तो कसा लावायचा हे वाचायला दहा?"

"मग जरा मागून सुरुवात कर. इतिहास घाल, महत्त्व घाल. माणसाला मोजावंसं का वाटलं..."

"ज्यानं मायक्रोमीटर हातात घेतलाय त्याला ते वाटलेलंच आहे."

"फार शहाणी आहेस. अठराशे."

राग याचा आला की तक्ता खोटा नव्हता. वर येणारे लेख खरंच लांब आहेत. पण ते लांब असल्यामुळे वर आहेत, की वर यायच्या आशेनं सगळ्यांनीच लांब केले आहेत, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. चुकीच्या साधनानं दहा वेळा मोजलं तरी माप चुकीचंच येतं. एवढं तुमच्याकडचा नवा कामगारसुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो.

मी तीन कारणं दिली. आमचे वाचक मोबाइलवर वाचतात. मशीनपाशी उभं राहून वाचतात. हात तेलकट असतात, पान सरकवणं नको वाटतं. तिन्ही कारणं खरी होती आणि तिन्ही त्यांनी मान हलवत ऐकून घेतली.

चौथं मी सांगितलं नाही.

(पहिला गठ्ठा इथे संपतो. उरलेल्या वेळात जेवून घ्या.)

•

चौथं कारण असं.

वेबसाइटवर कोण येतं याची नोंद होते. नाव नसतं. कोणतं गाव, कोणता फोन, किती वाजता, आणि वाचणारा पान किती खालपर्यंत सरकवतो, एवढंच. ती नोंद बघणं माझ्या कामाचा भाग होता. बहुतेक लोक पन्नास सेकंदांत निघून जातात. झीरो लावायचा असतो, लावतात, जातात. मला त्यात काही गैर वाटत नाही.

आठ महिन्यांपूर्वी एक वाचक यायला लागला. तुमच्या गावचा. सुट्टीचा दिवस सोडून रोज एक वाजून दहा मिनिटांनी. फोन आता कुठे विकतसुद्धा मिळत नाही असा, मी नोकरीला लागल्यावर एक आणला होता, "मला कशाला" म्हणून आठवडाभर खोक्यात राहिला होता, त्या जातीचा. अक्षरं इतकी मोठी केलेली की एका ओळीत चार शब्द मावावेत. चारशे दहा शब्दांना वीस मिनिटं. शेवटच्या ओळीपर्यंत.

आधी वाटलं, कोणी फोन उघडा टाकून जेवायला गेलं असेल. पण पान दोन-दोन ओळींनी खाली सरकत होतं, सारख्या गतीनं, लेथवर शेवटचा हात फिरवताना तुम्ही चाक फिरवता तसं. उघडा टाकलेला फोन असा सरकत नाही.

मला तुमच्यावर पाळत ठेवायची नव्हती. ठेवली. आठ महिने रोज दीड वाजता मी ती नोंद उघडत होते. त्या लेखांतलं अर्ध्याहून जास्त तुम्हीच मला शिकवलेलं आहे, त्यामुळे तुम्ही माहितीसाठी येत नव्हता हे उघड होतं. कशासाठी येत होता ते मी माझ्या मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नाही. फक्त कुठलाच लेख चारशे दहाच्या पुढे जाऊ दिला नाही. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. दहा मिनिटं डब्याला, वीस मला.

मग अठराशेचा हुकूम आला आणि मी तो पाळला. झीरोवरचाच जुना लेख फुगवला. 'प्राचीन काळापासून मानवाला मोजमापाची ओढ राहिली आहे,' असलं वाक्य मी लिहिलं, बाबा. तसली पुष्कळ लिहिली.

सोमवारी तुम्ही वीस मिनिटांत पाव लेखापर्यंत आलात. आमचं ते पान, कोण कुठे थांबला होता हे लक्षात ठेवत नाही. मंगळवारी तुम्हाला पहिल्यापासून खाली येत कालची जागा शोधावी लागली, पाच मिनिटं. बुधवारी सात. गुरुवारी नऊ. गुरुवारी तुम्ही बाराशे चाळीस शब्दांच्या आसपास थांबलात. शुक्रवारी आला नाहीत. आज बारावा कामाचा दिवस.

दुसऱ्या कोणीही ती शब्दांची भरती ओलांडून खालचं कामाचं तेवढं वाचलं असतं. तुम्ही एकही शब्द ओलांडत नाही. मी लिहिलेला फालतूतला फालतू शब्द तुम्ही त्याच्याखाली बोट ठेवून वाचलात. मला तक्तेसाहेबांचा राग आला, त्या पानाचा आला, माझा आला आणि खरं सांगायचं तर थोडा तुमचाही आला. सोडून द्यावं की माणसानं काहीतरी!

(दुसरा गठ्ठा संपला.)

•

तर मी परत साहेबांकडे गेले. म्हटलं, अठराशेच हवे असतील तर चार लेख करू या, चारशे-साडेचारशेचे.

"कोणासाठी?"

"एक वाचक आहे."

"एक?"

"एक."

ते हसले. माणूस वाईट नाही. "अगं, एका वाचकासाठी कंपनीचा ब्लॉग चालवायचा?"

"मी आठ महिने तसाच चालवत होते."

मग त्यांनी पहिल्यांदाच तक्ता न काढता निकाल दिला. सोमवारपासून ब्लॉग विक्री विभागाकडे जाणार आहे. मी पूर्ण वेळ तपासणीच्या खोलीत परत. तिथल्या यंत्रांना इतिहास लागत नाही, त्यामुळे तक्रार नाही. पण यापुढे तिथे जे वाचाल ते मी लिहिलेलं नसेल. हे तुम्हाला कळवायला हवं होतं, म्हणून पत्र.

नाही. एवढ्यासाठी पत्र नाही. दोन गठ्ठे भरले तरी मी दवाखान्याच्या दिवसाचं नाव काढलेलं नाही. भरती मलाही जमते असं दिसतं.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद होता. तुम्ही खिडकीपाशी उभे राहून तो वाचत होता, ओळीखाली बोट ठेवून. तिसऱ्या ओळीवर होता. मागे सात माणसं होती, मी मोजली होती. खिडकीतला कारकून पेन टकटक वाजवत होता. मी तुमच्या हातातून कागद ओढून घेतला आणि म्हणाले, "द्या इकडे बाबा, संध्याकाळ होईल." मागे कोणीतरी हसलं. मी मिनिटभरात वाचून काढला आणि म्हणाले, "इथे सही." तुम्ही केलीत.

तुम्हाला वाचता येत नाही असं तुम्ही म्हणाला नव्हता. तुम्ही वाचत होता. तुमच्या बायकोच्या डोळ्याला काय करणार आहेत ते तुम्हाला पूर्ण वाचायचं होतं. त्या सात माणसांतल्या एकाचाही चेहरा आज मला आठवत नाही, आणि त्यांच्यासाठी मी तुम्हाला तिसऱ्या ओळीवर थांबवलं.

तेव्हापासून घरी वर्तमानपत्र बंद आहे. आणि मी फोन केला की तुम्ही एवढंच म्हणता, "अगं, तुझी पोरगी," आणि आईकडे देता.

तो कागद मी तुम्हाला वाचू द्यायला हवा होता. चूक माझी आहे. हे मी एकदाच लिहिते आहे, पण नीट विचार करून.

त्या फुगवलेल्या लेखाच्या अगदी शेवटी तुमच्यासाठी दोन वाक्यं होती. तुम्ही थांबलात तिथून पाचशे शब्द खाली. ती अशी: 'मायक्रोमीटरच्या तोंडात स्वच्छ कागद हलकेच धरून ओढायचा आणि मग झीरो बघायचा, ही रीत मला एका टर्नरनं शिकवली. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांच्याइतका अचूक वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.' भरती केली नसती तर सोमवारीच वाचली असतीत.

आता तुम्हाला कळलं आहे की मला सगळं कळत होतं. कदाचित तुम्हाला ते लागलं असेल आणि दुसऱ्या गठ्ठ्यानंतर हा उघडलाच नसेल. कागदाची नोंद होत नाही. तुम्ही इथवर आलात की नाही हे मला पाहता येणार नाही, आणि आठ महिन्यांनंतर ते अवघड जातं आहे.

म्हणून एक मागते. रविवारी सकाळी दहाला मी फोन करेन. तुम्ही उचललात तर आईला हाक मारण्याआधी मनात दहा आकडे मोजा. काही बोलायला पाहिजे असं नाही. मीही मोजत असेन.

यापुढे दर आठवड्याला एक पत्र टाकेन. चारशे शब्द, वीस मिनिटं. इतिहास नाही.

तुमचीही,
पोरगी