आवाजाचा नमुना

१ जुलै
आज रुजू झाले. शेंद्र्याजवळच्या अभियांत्रिकी कॉलेजात सायबर सुरक्षेची सहायक प्राध्यापक! खोलीही समोरच मिळाली. खिडकीतून तुरीचं शेत दिसतं. संगणकानं बनवलेला खोटा आवाज ओळखणारी प्रणाली मी पीएचडीत केली होती. विभागप्रमुख सुदर्शन सर म्हणाले, दिवाळीआधी ती पोलिसांच्या हाती देऊ. आईनं खुलताबादला अख्ख्या गल्लीत पेढे वाटले म्हणे.

५ जुलै
चाचणीसाठी आईचा आवाज हवा होता. फोनवर तासभर बोलती ठेवली. माझा गोवर, आबांचं जाणं, कोठीत लपवलेली सीताफळं, सगळं सांगत बसली. त्यावरून तिचा खोटा आवाज बनवला; प्रणालीनं लगेच पकडला. आईला बजावलं, माझ्याही आवाजात कुणी फसवेल, चटकन भरवसा ठेवू नकोस.

९ जुलै
दुपारी जेवताना आईचा फोन. जेवलीस का विचारलं, मग ते यंत्र पोलिसांना कधी देणार, कुठं ठेवतेस, तेही. संध्याकाळी विषय काढला तर म्हणाली, “म्या कुठं फोन केला, अमू? दिवसभर निंदायला व्हते.”
दुपारच्या फोनचं रेकॉर्डिंग प्रणालीवर तपासलं. खोटा आवाज.

१० जुलै
प्रयोगशाळेच्या संगणकातून आईचं रेकॉर्डिंग चोरीला गेलंय. माझी व्याख्यानं तर कॉलेजनंच इंटरनेटवर टाकलेली, म्हणजे माझाही आवाज कुणालाही मिळेल. सरांबरोबर जाऊन पोलिसांत तक्रार दिली.

१२ जुलै, सकाळी ११
आई फोन उचलेना. शेजारच्या सुरेखामावशी म्हणाल्या, तुझाच फोन आला होता ना, अपघात झालाय म्हणून? तूच पाठवलेल्या गाडीतून ती बिडकीनच्या दवाखान्यात निघाली.
मी गाडी पाठवली नाही. मी —

११.२५
पोलिसांना कळवलं. वेळेसकट सगळं टिपत राहा म्हणाले. आईचा फोन व्यस्त. सारखा व्यस्त. कुणाशी बोलतेय ती —

११.४०
लागला. प्रणाली सांगतेय, आवाज खरा. आईच आहे. म्हटलं, मला काही झालेलं नाही, गाडीतून उतर. ती शांतपणे म्हणाली, “अमूनं आत्ताच सांगितलं, तिच्या आवाजात खोटा फोन येईल म्हणून.”
गोवराचं सांगितलं. सीताफळांचं सांगितलं. म्हणाली, तेही तिनं सांगितलं.

११.४४
फोन तिनं कापला नाही. गाडी थांबली. दार उघडलं. कुणीतरी हाक मारली, आई — माझाच आवाज — आई म्हणतेय, आले गं, आले — मी ओरडतेय, ती मी नाही, मी इथं शेंद्र्यात —